पॅनोरमाच्या आकाशात पट्ट्या का दिसतात? एडिटिंग फोटो जोडण्याआधी करायचं की जोडल्यावर?

हरिश्चंद्रगडावर गेलेला माणूस मंदिर बघून झालं की संध्याकाळी कोकणकड्याकडे वळतोच. पश्चिमेकडे तोंड करून उभा असलेला, आतल्या बाजूला वळलेला हा प्रचंड कडा, खाली कोकण आणि समोर मावळता सूर्य. हे सगळं एका फोटोत काही मावत नाही. मग मोबाईल किंवा कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवत सहा-सात फोटो काढले जातात. घरी गेल्यावर जोडू, मस्त लांबलचक पॅनोरमा होईल, असा विचार असतो.

घरी आल्यावर काय होतं? पहिल्या फोटोत दरी काळोखी दिसते, म्हणून तो थोडा उजळ केला जातो. मधल्या फोटोत सूर्य भगभगतो, म्हणून त्याचा उजेड कमी केला जातो. तिसऱ्या फोटोला अ‍ॅपमधलं ‘ऑटो’ बटण, चौथ्याला थोडी जास्त केशरी छटा. एकेक फोटो सुटा पाहिला तर झकास दिसतो. पण सातही फोटो जोडले की आकाशाची पार गोधडी झालेली असते. एक तुकडा निळा, शेजारचा जांभळट, त्याच्या शेजारचा फिकट आणि मधोमध उभ्या पट्ट्या.

दोष दिला जातो तो फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला. खरं तर त्या बिचाऱ्याने आपलं काम बरोबर केलेलं असतं. चुकलेला असतो तो कामाचा क्रम.

कापड आधी भिजवतात, इस्त्री नंतर करतात

सुती कापड शिवायला टाकण्याआधी पाण्यातून काढायची पद्धत आहे. कारण कापड आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर कपडा अंगाला बसत नाही. उलट इस्त्री होते ती सगळं शिवून झाल्यावर. शर्टाच्या बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी अशी कडक इस्त्री करून मग कुणी शिवायला बसत नाही.

पॅनोरमाचंही तसंच आहे. ‘आधी की नंतर’ या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर नाही. लेन्सचे आणि कॅमेऱ्याचे जे दोष प्रत्येक फोटोत सारखेच आलेले असतात, ते फोटो जोडण्याआधी काढायचे आणि सगळ्या फोटोंमधून एकसारखे काढायचे. चित्र सुंदर दिसावं म्हणून जे काही करायचं असतं ते जोडून झाल्यावर. कारण चित्र तयार होतं तेच मुळी जोडल्यानंतर. त्याआधी हातात असतात ते नुसते तुकडे.

जोडताना नेमकं काय होतं?

फोटो जोडण्याच्या क्रियेला स्टिचिंग म्हणतात. शेजारशेजारच्या दोन फोटोंमध्ये साधारण एक तृतीयांश भाग सारखा असावा लागतो. सॉफ्टवेअर त्या सामाईक भागातल्या खुणा शोधतं. कड्याची एखादी भेग, झाडाची फांदी, दगडाचा कोपरा अशा शेकडो खुणा दोन्ही फोटोंत जुळल्या की कुठला फोटो कुठे, किती वळवून बसवायचा हे त्याला कळतं.

आज हे मोबाईलवर चुटकीसरशी होतं, पण फार जुनी गोष्ट नाही. प्रकाश किंवा आकार बदलला तरी ओळखू येणाऱ्या खुणा शोधण्याची ‘सिफ्ट’ नावाची पद्धत डेव्हिड लोव या संशोधकाने १९९९ मध्ये मांडली. तिचा वापर करून मॅथ्यू ब्राउन आणि लोव यांनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात आपोआप पॅनोरमा जोडणारी पद्धत तयार केली आणि २००३ मध्ये ती जगासमोर ठेवली. त्याआधी जर्मनीच्या हेल्मुट डेर्श यांनी ‘पॅनोरमा टूल्स’ लिहिलं होतं. आज फुकट मिळणारं ‘हगिन’ हे सॉफ्टवेअर त्याच्याच पायावर उभं आहे.

खुणा जुळल्या की सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोला थोडा ताण देतं, वाकवतं आणि गोल नळीवर चिकटवल्यासारखं मांडतं. शेवटी शिवण येते. दोन फोटोंच्या सीमेवर रंग आणि उजेड एकमेकांत मिसळून शिवण लपवायची असते.

फोटो थोडे कमी-जास्त उजळ असले तरी खुणा जुळवायला अडचण येत नाही. गोची होते ती शिवणीपाशी. शिवण नेमकी आकाशात आली की संपलंच. झाडाझुडपांत, दगडांत रंगाचा फरक लपून जातो. निरभ्र आकाशात लपायला जागाच नसते. आपल्या डोळ्यांची गंमतही अशी आहे की पश्चिमेच्या लख्ख आकाशापासून उत्तरेच्या गडद आकाशापर्यंत उजेड हळूहळू कमी होत गेला तर तो फरक जाणवतही नाही. पण त्याच्या दहाव्या हिश्शाचा फरक एकदम, एका सरळ रेषेवर झाला तर नजर तिथेच अडकते.

जोडण्याआधीची कामं

यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम विग्नेटिंगचं. लेन्समधून येणारा प्रकाश फोटोच्या मध्यभागी जास्त आणि कोपऱ्यांत कमी पोहोचतो. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं तर काही लेन्समध्ये कोपऱ्यातला प्रकाश मध्याच्या निम्म्यावरही येऊ शकतो. एकाच फोटोत हे चालून जातं. उलट कडा काळसर असल्या की नजर मधल्या चेहऱ्याकडे जाते, म्हणून अनेक फिल्टर मुद्दाम तसा परिणाम देतात. पण सात फोटो शेजारी ठेवले की मध्य उजळ, कड काळी, पुन्हा मध्य उजळ, पुन्हा कड काळी अशी लाट तयार होते. आकाशातल्या पट्ट्यांचं हे एक मोठं कारण आहे, आणि एडिटिंगला हातही न लावलेल्या फोटोंतसुद्धा ते दिसतं.

उपाय सोपा आहे. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये लेन्सच्या नावानुसार दुरुस्ती करणारा पर्याय असतो, तो सगळ्या फोटोंना लावायचा. हगिन किंवा पीटीगुई वापरत असाल तर ही सॉफ्टवेअर सामाईक भागांची तुलना करून लेन्स किती काळोखी करते याचा हिशोब स्वतःच मांडतात. मात्र त्यासाठी फोटो मूळ अवस्थेत हवेत. कुठे कर्व्ह ओढलेला, कुठे सावल्या उचललेल्या असतील तर तो हिशोब कोलमडतो.

दुसरं काम व्हाइट बॅलन्सचं. संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर उभं राहून पॅनोरमा काढला तर एका टोकाला समुद्र आणि आकाशाची निळाई असते, दुसऱ्या टोकाला इमारती आणि रस्त्यावरचे दिवे. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर असेल तर कॅमेरा प्रत्येक फोटोपुरता वेगळा निर्णय घेतो. समुद्राचा फोटो थोडा पिवळट करतो, दिव्यांचा थोडा निळसर. कॅमेऱ्याच्या दृष्टीने दोन्ही बरोबर, पण शेजारी ठेवले की भांडतात. रॉ फाइल असेल तर एका फोटोवर आकडा ठरवून, समजा ५५०० केल्विन, तोच बाकी सगळ्यांना लावता येतो. जेपेगमध्ये रंग आधीच पक्का झालेला असतो, तिथे तो बदलायला वाव कमी.

तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण वेळ खाते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर धुळीचा एक कण असेल तर प्रत्येक फोटोत त्याच जागी एक काळा ठिपका येतो. फोटो जोडले की आकाशात सात ठिपके, एका ओळीत, सारख्या अंतरावर, पक्ष्यांचा थवा उडत चालल्यासारखे! आधी एका फोटोत तो पुसून तीच दुरुस्ती बाकीच्यांना लावली तर काम मिनिटभराचं. दुरुस्ती लावल्यावर प्रत्येक फोटो एकदा बघून घ्यावा, कारण एखाद्या फोटोत त्या जागी आकाशाऐवजी फांदी असू शकते.

अंधारात काढलेल्या फोटोंमधला बारीक दाणेदारपणा, म्हणजे नॉइज, तोही शक्यतो आधीच कमी केलेला बरा. फोटो वाकवताना पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि मग ते दाणे ओळखून काढणं सॉफ्टवेअरला जड जातं.

या सगळ्यात नियम एकच. जे एका फोटोला, तेच आणि तेवढंच सगळ्यांना. एडिटिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉपी सेटिंग्ज’ किंवा ‘सिंक’ असतं, ते याच कामाचं. ‘ऑटो’ बटणाला मात्र हात लावायचा नाही. ते प्रत्येक फोटोसाठी नवा निर्णय घेतं.

मोबाईलने एडिटिंग आधीच केलेलं असतं

‘पण आम्ही तर काहीच एडिट केलं नव्हतं,’ अशी तक्रार मोबाईलवाल्यांची असते. खरी अडचण अशी की आजच्या मोबाईलमधून फोटो बाहेर येतो तो एडिट होऊनच. बटण दाबल्यावर फोन अनेक फ्रेम घेतो, त्या एकत्र करतो, सावल्या उचलतो, आकाश गडद करतो, माणूस असेल तर चेहरा उजळतो. हे सगळं त्या एका फोटोत काय दिसतंय यावर ठरतं. शेजारच्या फोटोत सूर्य आला की हिशोब बदलला.

म्हणून सुटे फोटो काढून जोडायचे असतील तर फोनमधला ‘प्रो’ मोड वापरावा. शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने ठरवून सातही फोटो त्याच आकड्यांवर काढावेत. रॉ पर्याय असेल तर उत्तमच. प्रो मोड नसेल तर स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करता येतं का, ते पाहावं. लॉक करताना बोट सूर्याजवळच्या उजळ भागावर ठेवलेलं बरं, सूर्यावरही नाही आणि काळोख्या दरीवरही नाही. अंधारलेली दरी नंतर थोडीफार उचलता येते. जळून पांढरं झालेलं आकाश परत आणता येत नाही.

फोनमधला तयार ‘पॅनो’ मोड हे प्रकरण वेगळं. तो फोन फिरत असताना अरुंद पट्ट्या घेत जागच्या जागी जोडतो. आयफोनमध्ये ही सोय २०१२ साली आयओएस ६ बरोबर आली, पण कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्कट नावाचा कॅमेरा होता. तो स्वतःभोवती फिरायचा आणि आत फिल्म सरकत जायची. शाळांचे लांबच लांब ग्रुप फोटो त्याने काढत. एखादं वांड कार्टं एका टोकाला फोटोत यायचं आणि कॅमेरा वळेपर्यंत मागून धावत जाऊन दुसऱ्या टोकालाही उभं राहायचं, असे किस्से सांगतात. आजच्या पॅनो मोडमध्येही ही करामत जमते. या मोडमध्ये फोटो जोडूनच हातात येतो, त्यामुळे ‘आधी’चा प्रश्नच उरत नाही. तिथे एडिटिंग नंतरच.

मंगळावरसुद्धा घड्याळ पाळावं लागलं

एकसारखा प्रकाश किती महत्त्वाचा, याचं सगळ्यात भारी उदाहरण पृथ्वीवरचं नाही. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने २०१९ च्या नोव्हेंबर अखेरीस मंगळावरच्या ग्लेन टॉरिडन या भागात हजाराहून जास्त फोटो काढले. ते जोडून सुमारे १८० कोटी पिक्सेलचा पॅनोरमा तयार झाला आणि मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. फोटो काढायला एकूण साडेसहा तासांहून जास्त वेळ लागला. पण ते एका दमात काढले नाहीत. चार दिवसांत विभागले आणि प्रत्येक दिवशी मंगळावरच्या वेळेनुसार दुपारी १२ ते २ याच वेळेत कॅमेरा चालवला. सावल्या आणि उजेड सारखे राहावेत म्हणून.

कोकणकड्यावर तेवढी चैन नसते. सूर्य बुडायला लागला की मिनिटामिनिटाला रंग बदलतो. त्यामुळे सातही फोटो अर्ध्या-एक मिनिटात उरकायचे. मधेच थांबून सेल्फी काढला की शेवटचे दोन फोटो वेगळ्याच संध्याकाळचे वाटतात. शिवाय लेन्सवर पोलरायझर फिल्टर असेल तर तो काढून ठेवावा. सूर्यापासून काटकोनात असलेलं आकाश तो जास्त गडद करतो, त्यामुळे रुंद पॅनोरमात एकाच बाजूला निळा-काळा डाग पडतो. हा डाग एडिटिंगमध्ये काढताना भलेभले रडकुंडीला येतात.

जोडून झाल्यावर

आता इस्त्री. कॉन्ट्रास्ट, रंगांचा गडदपणा, सावल्या उचलणं, धुरकटपणा काढणारं ‘डीहेज’, आकाश निवडून गडद करणं हे सगळं इथे. डीहेज आणि क्लॅरिटीसारखी साधनं फोटोतल्या आजूबाजूच्या भागाकडे बघून परिणाम ठरवतात. सुट्या तुकड्यावर वापरली तर त्या तुकड्याच्या कडेपलीकडे काय आहे हे त्यांना ठाऊकच नसतं. त्यामुळे एकच ढग एका फोटोत राखाडी आणि शेजारच्या फोटोत पांढरा होतो.

क्रॉपसुद्धा नंतरच. आधी कापण्याचा मोह फार होतो, कारण फोटोच्या कडेला कुणाचा तरी हात किंवा सॅक आलेली असते. पण फोटोचा मध्य हाच लेन्सचा मध्य, असं धरून सॉफ्टवेअर त्याला किती वाकवायचं ते ठरवतं. एका बाजूने कापलं की मध्य सरकतो आणि हिशोब चुकतो. क्षितिज सरळ करणं, इमारती उभ्या करणं हेही आधी करू नये. हात किंवा सॅक नको असेल तर हगिन, पीटीगुईमध्ये तेवढा भाग ‘मास्क’ करून वगळता येतो.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी. आधी केलं तर कडांभोवती उमटलेल्या पांढऱ्या रेषा जोडताना वाकतात आणि झाडांना तेजोवलय आल्यासारखं दिसतं.

इथे एक रास्त शंका येते. सगळं नंतर करायचं म्हटलं तर रॉ फाइलचा फायदा हातचा जात नाही का? पूर्वी जायचा. रॉ फोटो आधी जेपेग किंवा टिफ करूनच जोडावे लागत, म्हणून जाणकार मंडळी बरंचसं एडिटिंग आधीच उरकायची. २०१५ मध्ये लाइटरूममध्ये पॅनोरमा जोडण्याची सोय आली आणि जोडलेली फाइल डीएनजी स्वरूपात मिळू लागली. तिच्यात रॉचा लवचिकपणा बराचसा टिकतो. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स नंतरही आरामात बदलता येतं. जुन्या ट्युटोरियलमध्ये एक सल्ला आणि नव्यामध्ये दुसरा दिसतो, त्यामागचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

दुसरं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर मधली फाइल १६ बिटची टिफ ठेवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ छटा असतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ छटांना जागा असते. आकाशाचा रंग ओढताना छटा कमी पडल्या की तिथे नव्या पट्ट्या उमटतात, आणि त्या शिवणीच्या नसतात.

काही गोष्टी मात्र ना आधी सुधारतात, ना नंतर. अगदी जवळ रेलिंग असेल आणि कॅमेरा फिरवताना माणूस स्वतःही सरकत गेला असेल तर रेलिंग तुटकं जोडलं जाणारच. पायाची जागा न सोडता, कॅमेरा अंगाबाहेर न धरता वळणं हाच त्यावरचा इलाज.

पोस्ट करण्याआधी

एवढं करून इन्स्टाग्रामवर टाकलं की अख्खा कोकणकडा चार बोटं उंचीची पट्टी होऊन बसतो. कारण तिथे फोटोची रुंदी साधारण १०८० पिक्सेलवर आणली जाते. त्यापेक्षा पॅनोरमाचे समान उंचीचे दोन-तीन चौकोनी भाग करून ते कॅरोसेलमध्ये लावले की बोटाने सरकवत पूर्ण दृश्य पाहता येतं. हे तुकडे करायचे तेसुद्धा सगळं एडिटिंग संपल्यावर. आधी तुकडे करून मग एकेकाला फिल्टर लावला तर पट्ट्यांची कहाणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर आकार कमी होऊन सगळी मेहनत वाया जाते. ३६० अंशांचा फोटो फेसबुकवर फिरवून बघता येतो तो फाइलमध्ये दडलेल्या माहितीमुळे. काही एडिटिंग अ‍ॅप सेव्ह करताना ती माहिती पुसून टाकतात आणि फोटो साधा, चपटा दिसतो.

आणि ज्यांच्या पॅनोरमाची गोधडी आधीच झाली आहे, त्यांचं काय? जोडलेल्या फोटोवर पट्ट्या पुसत बसण्यात अर्थ नाही. गॅलरीत मूळ सात फोटो शोधावेत. आयफोनमध्ये एडिट केलेल्या फोटोला ‘रिव्हर्ट’चा पर्याय असतो, लाइटरूममध्ये ‘रिसेट’. रॉ फाइल तर एडिटिंगने बदललेलीच नसते. सातही फोटो मूळ अवस्थेत आणायचे, एकावर लेन्सची दुरुस्ती आणि व्हाइट बॅलन्स ठरवायचा, तो सगळ्यांना लावायचा आणि पुन्हा जोडायचं. हे सगळं जमतं ते मूळ फोटो जागेवर असतील तरच. पॅनोरमा तयार झाला म्हणून ‘स्टोरेज फुल’च्या धाकाने ते सात फोटो लगेच उडवले असतील, तर त्या संध्याकाळसाठी पुन्हा गड चढावा लागेल.